आंबट पाण्यातले आम्ल

उन्हाळ्यात खानदेशात बिबडे करायचे म्हटले की ज्वारी दोन-तीन दिवस भिजत पडते आणि घरभर आंबूस वास सुटतो. धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढण्याचा कारखाना आहे. या धंद्यात दळण्यापूर्वी मका कोमट पाण्यात चाळीसेक तास भिजवतात. दोन्ही ठिकाणी जीवाणू पाण्यात लॅक्टिक आम्ल सोडतात. ते वेगळे कसे काढायचे?

शेले या रसायनशास्त्रज्ञाने आंबलेल्या दुधातून ते १७८० साली मिळवले. १८८१ मध्ये अमेरिकेत त्याचा कारखाना निघाला. उकळून ते सुटत नाही. पाणीच आधी उडून जाते. म्हणून चुना घालायचा, कॅल्शियम लॅक्टेट वेगळे करायचे आणि सल्फ्युरिक आम्लाने त्यातून लॅक्टिक आम्ल मोकळे करायचे. समीकरण फळ्यावर मांडून पाहावे: १८० ग्रॅम आम्लामागे १७२ ग्रॅम जिप्सम! म्हणजे जवळजवळ आम्लाइतकाच गाळ.

दुसरी वाट द्रावकाची. पाण्यात न मिसळणाऱ्या द्रवात अमाइन विरघळवून तो आंबट पाण्याबरोबर घुसळला, की अमाइन आम्लाला धरते. पण नुसते धरून भागत नाही, पुढे सोडताही आले पाहिजे. इस्रायलमधील बॅनिएल व सहकाऱ्यांच्या १९८१ च्या पेटंटात युक्ती साधी होती: थंडपणी आम्ल धरायचे, मग गरम पाण्याने ते सोडवून घ्यायचे. सायट्रिक आम्लाला ही पद्धत लागू पडली, कारण ते बनवणारी काळी बुरशी पीएच २ च्या आसपासही खुशाल काम करते.

लॅक्टिक आम्लाचे घोडे इथेच अडते. त्याचे जीवाणू पीएच ५ ते ६ मध्ये सुखी असतात. तेथे आम्ल बहुतांशी आयनरूपात असते, आणि अमाइनला हवे असते अखंड आम्ल. त्यासाठी पीएच ३.८६ च्या खाली गेलेला बरा. शिवाय बरेच द्रावक जीवाणूंना मारक. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील वासेवार आणि पांगारकर यांनी डच सहकाऱ्यांबरोबर २००२ मध्ये अॅलामाइन ३३६ हे अमाइन वापरून आम्ल किती आणि किती वेगाने खेचले जाते, ते मोजले. आम्हाला हे काम मोलाचे वाटते. अशा आकड्यांशिवाय कारखान्याचा आराखडा होत नाही.

चुना मात्र कारखान्यांतून अजून हटलेला नाही. वर्गात बिबड्यांच्या ज्वारीचे पाणी आणून रोज पीएच कागद बुडवावा. आकडा कुठे येऊन थांबतो, ते मुलांनाच टिपू द्यावे.