नोटा जमवणं का सुटलं?

आजचा भाग जुन्या नोटांचा. पाचवीपासून मी नोटा जमवायचो, आता तो छंद सुटलाय. का सुटला, ते सांगायला थोडा इतिहास लागेल.

आपल्याकडे 1 रुपयाची नोट आली 1917 मध्ये. पहिलं महायुद्ध चालू होतं, चांदी महागली होती. चांदीचा रुपया सरकारला परवडेना, म्हणून कागदाचा काढला. नोटा तेव्हा इंग्लंडहून छापून यायच्या. 1928 पासून त्या नाशिक रोडला छापल्या जाऊ लागल्या.

1943 मध्ये चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेला माणूस. त्या नोटांवर चित्र इंग्लंडच्या राजाचं, सहाव्या जॉर्जचं, आणि सही देशमुखांची! गुलामी आणि स्वातंत्र्याची चाहूल एकाच कागदावर. मला वेड लागलं ते इथे.

आता नोटबंदी. 2016 ची आपण सगळ्यांनी पाहिली, पण ती तिसरी. पहिली जानेवारी 1946 ची: 500, 1000 आणि 10,000 च्या नोटा बाद. गव्हर्नर तेव्हा देशमुखच होते. 1954 मध्ये मोठ्या नोटा परत आल्या. 5000 च्या नोटेवर तर आपलं गेटवे ऑफ इंडिया होतं. 16 जानेवारी 1978 ला मोरारजी देसाई सरकारने त्याही बंद केल्या. मग 8 नोव्हेंबर 2016. त्यानंतर 2017 मध्ये कायदा आला: बाद नोटा 10 पेक्षा जास्त जवळ ठेवायच्या नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी मात्र 25 पर्यंत चालतील. म्हणजे आमच्यासारख्या हौशी लोकांची कायद्याने दखल घेतली!

आणि नेमका त्याच सुमारास माझा छंद आटायला लागला.

कारण माझ्या नोटा सुट्ट्या पैशांतून यायच्या. कोपर स्टेशनची तिकीट खिडकी, भाजीवाल्या मावशी, रिक्षावाले काका. कुणीतरी फाटकी, चिकटपट्टी लावलेली जुनी नोट द्यायचं आणि मी खूश. आता तिकीट ॲपवर, भाजी क्यूआर कोडवर. हातात नोटच येत नाही.

उरलं काय, तर विकत घेणं. तिथला हिशोब वेगळाच. नोट जितकी कोरी, तितका भाव जास्त. एक घडी पडली की किंमत उतरली. म्हणजे जी नोट कुणी वापरलीच नाही, ती सगळ्यात भारी. मला हवी असायची नेमकी दुसरी: चार घड्या घालून कुणीतरी पदराच्या गाठीत जपलेली, हळदीचा डाग पडलेली. कोऱ्या नोटेवर फक्त सरकारचा इतिहास असतो. मळक्या नोटेवर माणसांचाही असतो.

सॉफ्टवेअरवाला म्हणून एक गोष्ट खटकते. सिस्टीममधले लॉग आम्ही ठरावीक दिवसांनी पुसून टाकतो, जागा लागते म्हणून. आपल्या रोजच्या वीस-तीस रुपयांच्या व्यवहारांचा मळ पन्नास वर्षांनी कुणाच्या हाताला लागेल?

अल्बम कपाटात आहे. दोन वर्षांत नवीन पान लागलेलं नाही, आणि खरं सांगू, ओढही वाटत नाही.

पण तुम्ही एक करा. घरी आजीला विचारा, डब्यात तळाशी एखादी जुनी नोट आहे का. असली तर किंमत नंतर शोधा. आधी विचारा, ती कधी आणि कशासाठी ठेवली होती. उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!