जेजुरी

पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील खंडोबाचे क्षेत्र. पुण्याहून सासवडमार्गे अंतर सुमारे ५० किमी.; पुणे–मिरज लोहमार्गावर स्थानक आहे. मल्हारी, मार्तंडभैरव, म्हाळसाकांत ही याच देवाची नावे. मणी आणि मल्ल या दैत्यांना मारण्यासाठी शंकराने हा अवतार घेतला, अशी कथा. धनगर, रामोशी, कोळी, मराठा, देशस्थ ब्राह्मण अशा अनेक समाजांतील घराण्यांचा तो कुलस्वामी आहे. लग्नानंतर जोडीने जेजुरीला जाऊन येण्याची रीत आजही पाळली जाते. नवरा नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या तरी चढतो.

देऊळ डोंगरमाथ्यावर, तटबंदीच्या आत आहे. त्याला गडकोट म्हणतात. चढण दगडी पायऱ्यांची, वाटेत कमानी आणि दीपमाळा. घाईने थेट गाभारा गाठणाऱ्याला अर्धीच जेजुरी दिसते, कारण देवाचा संसार सगळ्या डोंगरावर पसरला आहे. लिंगायत वाण्याची लेक म्हाळसा वर देवाशेजारी नांदते. धनगराची लेक बाणाई, दुसरी बायको, हिचे ठाणे चढणीच्या मध्यावर. प्रधान हेगडी तोही वाटेवरच. दोन सवतींना एका घरात न ठेवता देवाने डोंगर वाटून दिला, असे भाविक सांगतात. वाण्याचे घर आणि धनगराचा वाडा एकाच देवाशी सोयरीक सांगतात, ही या क्षेत्राची सर्वांत मोलाची गोष्ट.

देवळासमोर पितळी पत्र्याने मढवलेले प्रचंड कासव आहे. त्यावर तळी भरतात : ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा ठेवून पाच जण ते तीनदा उचलतात आणि ‘सदानंदाचा येळकोट’ असा गजर करतात. भंडारा म्हणजे हळदीची पूड. ती कपाळी लावायची, देवावर आणि एकमेकांवर उधळायची. खोबऱ्याचे तुकडेही उधळतात. यात्रेच्या दिवशी पायऱ्या, तट, माणसे सगळी पिवळी होतात, म्हणूनच सोन्याची जेजुरी. भंडारा घेताना हळदच घ्यावी. स्वस्त रंगीत भुकटी डोळ्यांना आणि श्वासाला जाचते. आषाढी वारीत सासवडहून निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी जेजुरीत मुक्कामाला येते, तेव्हा तिच्यावरही भंडारा उधळतात. शैव आणि वैष्णव हा भेद त्या क्षणी कोणाच्या मनातही येत नाही.

नवस फेडण्यासाठी घरी जागरण घालतात. वाघ्या दिमडी वाजवतो, मुरळी घंटी (घोळ) वाजवत नाचते आणि रात्रभर देवाची गाणी होतात. मुली देवाला वाहून मुरळी करण्याची चाल कायद्याने बंद झाली आणि ते योग्यच झाले. त्या चालीने अनेकींच्या आयुष्याची माती केली होती.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंत षड्‌रात्रोत्सव चालतो. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे आणि कांदा त्या षष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने पुन्हा ताटात येतात. चैत्र, पौष आणि माघी पौर्णिमेलाही यात्रा भरते. सोमवारी अमावास्या आली की देव पालखीतून कऱ्हा नदीवर स्नानाला जातो. सोमवतीची ही गर्दी फार मोठी असते.

मूळ स्थान कडेपठार. ते गडकोटापेक्षा उंच डोंगरावर असून वाट बरीच दमवणारी आहे. म्हातारपणी तिथे चढणे अशक्य झालेल्या भक्तासाठी देव खाली गडकोटावर आला, अशी आख्यायिका. वर वर्दळ कमी, वारा मोकळा. पायांत बळ असेल तर पहाटे निघून आधी हेच दर्शन घ्यावे.

होळकरांची या देवावर मोठी श्रद्धा होती आणि देवस्थानाच्या बांधकामात त्यांचा मोठा वाटा आहे. अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ या इंग्रजी काव्यसंग्रहाने (१९७६) हे गाव मराठी मुलखाबाहेरच्या वाचकांपर्यंत पोचवले.

दसऱ्याच्या रात्री गडकोट आणि कडेपठार येथील पालख्यांची दोन डोंगरांमधल्या दरीत भेट होते. पालखी परतल्यावर सुमारे ४२ किलोचा खंडा (देवाची तलवार) पेलण्याची चढाओढ लागते. कोणी तो एका हाताने आडवा तोलून धरतो, तर कोणी दातांत धरून उचलतो.