२१४७४८३६४७: तुमच्या फोनमधली मूळ संख्या

माझ्या जुन्या ३२ बिट फोनमध्ये मी एकदा उगाच तारीख पुढे सरकवत बसलो होतो. २०३७ साल आलं आणि गाडी तिथेच अडकली. पुढे जाईचना! फोन बिघडला असं वाटलं, पण कारण निघालं एक संख्या: २,१४,७४,८३,६४७.

ही म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ३२ बिटच्या जागेत एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातो. उरलेले ३१ बिट सगळे १ झाले की हीच संख्या तयार होते, आणि जागा संपते.

गंमत म्हणजे ही मूळ संख्याही आहे. आता कोणी म्हणेल, ३१ मूळ आहे म्हणून हीसुद्धा मूळ असणारच. तसं नसतं. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. या २३ आणि ८९ ला २२ ने, म्हणजे ११ च्या दुपटीने, भागून बघा. दोन्हीकडे बाकी १ उरते. हा योगायोग नाही, नियम आहे. आपल्या संख्येला विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे. शिवाय ८ ने भागल्यावर १ किंवा ७. तपासायचं फक्त वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंत. एवढ्या चाळणीतून जेमतेम ३७३ संख्या उरतात. लिओनार्ड ऑयलरने १७७२ मध्ये अशाच चाळणीने ही संख्या मूळ असल्याचं दाखवलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळपास गेली होती!

पण फोन अडकतो तो संख्या मूळ आहे म्हणून नाही. २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल'चे व्ह्यूज या आकड्यापलीकडे गेले आणि यूट्यूबने मोजणी ६४ बिटवर नेली. तिथली मर्यादा २ चा ६३ वा घात वजा १. तिला तर सरळ ७ ने भाग जातो. तरी काम मस्त चालतं.

खरी अडचण घड्याळाची आहे. बहुतेक फोन १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ३२ बिटमध्ये ही मोजणी १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरते. पुढच्या सेकंदाला आकडा उणे होतो आणि तारीख थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाते. अजून वेळ आहे म्हणू नका: आज घेतलेल्या २० वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता २०३८ च्या पलीकडेच पडतो. तो हिशोब एखाद्या जुन्या ३२ बिट प्रोग्रॅममध्ये असेल, तर चूक आजच होऊ शकते.

तुमचा फोन तपासायचा असेल तर सीपीयू-झेड ॲपमध्ये 'कर्नल आर्किटेक्चर' बघा. शेवटी ६४ दिसलं तर फोन ६४ बिटवर चालतोय. माझ्या जुन्या फोनवर दिसलं नाही. तो आता फक्त गाणी ऐकायला ठेवलाय.