मधाची चव : माशीपासून फुलापर्यंत

१/८
मध गोड असतो, एवढ्यावर आपण थांबतो. परंतु त्याच्या चवीत त्या भूमीवरील झाडांचा आणि पिकांचा इतिहास उतरलेला असतो. तो कसा ओळखावा, यासाठी हा धागा.

२/८
चरकसंहितेत मधाचे ४ प्रकार आहेत : माक्षिक तेलाच्या रंगाचा, पौत्तिक तुपाच्या, क्षौद्र पिंगट आणि भ्रामर पांढरा. सुश्रुतसंहितेत प्रकार ८ होतात. चरकाची चारही नावे माशीवरून आलेली आहेत, फुलावरून नव्हे.

३/८
मराठीतही आग्या, सातेरी, फुलोरी अशीच ओळख रूढ झाली. पोळे कापून पिळले की अनेक फुलांचा मध, पराग आणि अळ्यांचा रस एकत्र होई. फुलाची चव निराळी उरत नसे.

४/८
१८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी सुट्या चौकटींच्या पेटीचे तत्त्व शोधले. १८६५ मध्ये ह्रुश्का यांचे मधयंत्र आले. पोळे न मोडता मध निघू लागला आणि एकेका बहराचा मध वेगळा ठेवणे सोपे झाले.

५/८
महाराष्ट्रात ही दृष्टी महाबळेश्वरी रुजली. तेथे जांभूळ, हिरडा, कारवी असे मध फुलांच्या नावाने ओळखले जातात. जांभळाच्या मधात किंचित कडवट तुरटपणा असतो. कारवीचा मोठा बहर तर काही वर्षांच्या अंतरानेच येतो. १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली.

६/८
आता डोंगर सोडून गोदाकाठच्या पाथरीकडे येऊ. येथील काळ्या रानात करडई, तूर, कापूस ही जुनी पिके. तेलबियांचे पीक म्हणून सूर्यफूल देशात १९६९ नंतर रुजले. म्हणजे मराठवाड्यातील सूर्यफुलाच्या मधाची चव आपल्या आजोबांच्या पिढीहून जुनी नाही.

७/८
त्यात ग्लुकोज अधिक, म्हणून तो लवकर रवाळ होतो. ‘थिजला म्हणजे साखर घातली’ असे म्हणून गिऱ्हाईक तो नाकारते. मग पातळ राखण्यासाठी मध तापवला जातो आणि सुगंध उडून जातो. आपल्या अज्ञानाची किंमत मधपाळ मोजतो.

८/८
तीन मध शेजारी ठेवा. फिक्याकडून गडदाकडे जा. आधी वास घ्या, मग थेंब जिभेवर विरघळू द्या, मागे उरणारी चव पाहा. भेसळ जिभेला पकडता येईलच असे नाही. ते काम प्रयोगशाळेचे. विकणाऱ्याला मात्र अवश्य विचारा : माशी कोणती, फूल कोणते, महिना कोणता?