‘फ्लाइंग फिश’चा वेग कोणाचा?

अमेरिकेच्या क्लिपर जहाजांची कथा सांगताना श्रेयाचे माप बहुधा जहाज बांधणाऱ्याच्या पदरात पडते. डोनाल्ड मॅकेने 1851 साली ईस्ट बोस्टनला बांधलेले ‘फ्लाइंग फिश’ हे त्याचे ठळक उदाहरण. 1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि केप हॉर्नला वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोला लवकर पोहोचणाऱ्या मालाला तोंडाला येईल तो भाव मिळू लागला. एरवी या वाटेला सहा महिने लागत. निमुळत्या नाळेच्या, उंच डोलकाठ्यांच्या क्लिपरांनी ते शंभर दिवसांच्या आसपास आणले. मालकांनी नावेही वेगाचीच शोधली: फ्लाइंग क्लाउड, वाइल्ड पिजन, सोर्ड फिश. पण ‘फ्लाइंग फिश’च्या सफरींचा हिशेब मांडला, की तिचा विजय केवळ बांधणीच्या खात्यावर जमा करता येत नाही. वाऱ्यांच्या ज्ञानाचा त्यात मोठा वाटा होता.

हे ज्ञान गोळा केले ते अमेरिकी नौदलातील मॅथ्यू फाँटेन मॉरीने. जहाजांच्या जुन्या नोंदवह्या चाळून कोणत्या महिन्यात, कोणत्या टापूत वारा कुठून वाहतो याचे नकाशे त्याने 1847 पासून काढले. कप्तानांना ते फुकट मिळत. बदल्यात आपल्या सफरीची नोंद पाठवायची, एवढीच अट. 1852 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाइल्ड पिजन, जॉन गिल्पिन, फ्लाइंग फिश आणि ट्रेड विंड ही चार जहाजे हे नकाशे घेऊन न्यूयॉर्कहून निघाली. विषुववृत्ताजवळच्या शांत पट्ट्यात ‘फ्लाइंग फिश’चा कप्तान निकल्स बिचकला. प्रवाह आपल्याला ब्राझीलच्या साँ रोक भूशिराच्या पश्चिमेला ढकलील, या भीतीने सरळ दक्षिणेला जाण्याचा मॉरीचा सल्ला सोडून तो पूर्वेकडे झगडत राहिला आणि काही मोलाचे दिवस गमावून बसला. पुढे केप हॉर्नजवळच्या वादळात त्याने ‘जॉन गिल्पिन’ला गाठले आणि भर समुद्रात तिच्या कप्तानाला आपल्या जहाजावर जेवायला बोलावले! समोरच्याने नाइलाजाने नकार दिला. अखेर ‘फ्लाइंग फिश’ 92 दिवसांत पोहोचली, ‘जॉन गिल्पिन’ जेमतेम दीड दिवस जास्त घेऊन, ‘ट्रेड विंड’ 102 दिवसांत आणि ‘वाइल्ड पिजन’ 118 दिवसांत.

यावर कोणी म्हणेल, नकाशे चौघांकडेही होते. मग फरक पडला तो जहाजामुळेच. आक्षेप वजनदार आहे, पण आकडे त्याला पुरती साथ देत नाहीत. ‘फ्लाइंग फिश’ 1505 टनांची. ‘जॉन गिल्पिन’ तिच्याहून बरीच लहान आणि दुसऱ्याच कारागिराची, तरी ती जवळजवळ बरोबरीने आली. ‘ट्रेड विंड’ तर चौघांत सर्वांत मोठी, पण वाटेत तिच्यावर आग लागली. ‘वाइल्ड पिजन’ सर्वांत आधी निघाली आणि तिच्या वाट्याला वाराच वाईट आला. शिवाय त्याच्या आदल्या हिवाळ्यात हीच ‘फ्लाइंग फिश’ न्यूयॉर्कमध्ये बांधलेल्या ‘सोर्ड फिश’हून आठवड्याहून अधिक मागे पडली होती. जहाज तेच, तरी निकाल उलटा. याचा अर्थ बांधणी गौण होती असा नव्हे. मॉरीच्या हिशेबाने नकाशांमुळे या मार्गावरच्या सफरींची सरासरी महिन्याहून अधिक घटली, पण एखादे बोजड मालवाहू जहाज नकाशांच्या जोरावर 92 दिवसांत पोहोचले नसते. बांधणीने शक्यता निर्माण केली. ती प्रत्यक्षात किती उतरायची ते वाऱ्याने आणि वाऱ्याच्या माहितीने ठरवले.

ज्याचे नाव जहाजाला दिले त्या माशाचेही असेच आहे. कुपा किंवा तत्सम शिकारी पाठीस लागले, की तो शेपटीच्या झपाट्याने पाण्याबाहेर येतो. पुढे मात्र पर न हलवता नुसता हवेवर तरंगतो. 2008 मध्ये जपानी चित्रीकरण पथकाने अशी 45 सेकंदांची भरारी टिपली होती. शेपटीचे बळ त्याला पाण्याबाहेर काढते, अंतर हवा तोलून धरते.

क्लिपरांची सद्दी फार टिकली नाही. 1855 मध्ये पनामाची रेल्वे सुरू झाली, भाडी उतरली. 1858 मध्ये चीनच्या फूचौ बंदरातून चहा घेऊन निघताना ‘फ्लाइंग फिश’ अडकून फुटली. दुरुस्त होऊन मनिलाच्या स्पॅनिश मालकाकडे गेली आणि तिचे नावही बदलले. नकाशांची पद्धत मात्र टिकली: 1853 च्या ब्रुसेल्स परिषदेत सागरी देशांनी हवामानाच्या नोंदी एकाच धर्तीवर ठेवण्याचे ठरवले. तेव्हा त्या 92 दिवसांचे श्रेय वाटायचेच झाले, तर मॅकेच्या बरोबरीने त्याचा हिस्सा रोज वाऱ्याची दिशा लिहून ठेवणाऱ्या शेकडो अनामिक खलाशांनाही द्यायला हवा.