शिकारीचा हंगाम आणि सोलापूरचा माळ

धार्मिक संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शिकारीच्या कायद्यांचा इतिहास कशाला, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु शिकार हे आपल्या आचारग्रंथांनी सप्तव्यसनांत गणलेले असून श्रावकाने प्रारंभीच तिचा त्याग करावयाचा असतो. सरकारी कायद्याला त्या पायरीपर्यंत येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

1887 च्या कायद्यान्वये नगरपालिका व छावणीच्या हद्दीत, विणीच्या काळात मारलेले रानपक्षी बाळगण्यास वा विकण्यास मनाई करता येई. 1912 च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना शिकारीचा ‘बंदी काळ’ ठरविण्याचा अधिकार दिला. त्याच्या यादीत माळढोक, तित्तिर, लावा, मोर, हरणे, ससे होते. पहिल्या गुन्ह्यास दंड 50 रुपयांपर्यंत! सोलापूर जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता.

आमच्या माळावर माळढोकाची वीण मुख्यत्वे पावसाळ्यात होते, आणि मादी बहुधा एकच अंडे घालते. याच दिवसांत जीवविराधना टळावी म्हणून आपले मुनिसंघ विहार थांबवून चातुर्मास करतात. बंदी काळ आणि चातुर्मास यांत वरवर साम्य दिसते, पण हेतू अगदी भिन्न. पक्षी वाढावेत आणि पुढील हंगामात बंदुकीला सावज मिळावे, हा बंदी काळामागचा हिशेब होता. चातुर्मास संपल्यावर मात्र हिंसेचा हंगाम सुरू होत नाही.

मुंबई राज्याचा 1951 चा कायदाही परवान्यावरच उभा होता. 1972 च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोक, काळवीट यांना पहिल्या अनुसूचीत घालून त्यांच्या शिकारीस बंदी केली, तरी इतर प्राण्यांसाठी मोठ्या व लहान शिकारीचे परवाने ठेवले. ते 1991 च्या दुरुस्तीने गेले.

सोलापूरच्याच जैन संस्कृती संरक्षक संघाने 1949 मध्ये कृष्णकांत हंदिकी यांचा सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलका’वरील इंग्रजी ग्रंथ जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. त्यातील यशोधर राजाने पिठाचा कोंबडा बळी दिला, आणि केवळ त्या संकल्पापोटी त्याला पशुयोनीत भटकावे लागले. कायदा कृती झाल्यावर दंड करतो. धर्म संकल्पालाच हिंसा म्हणतो.

म्हणून आपण निश्चिंत असावे काय? 1979 साली नान्नजसह सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे 8,500 चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुढे ते बरेच कमी करण्यात आले. बंदूक थांबली, तरी पक्षी घटतच गेला. गवताळ माळ नांगराखाली गेले, भूखंड पडले, विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, आणि उडताना तो तारांवर आदळतो.

श्रावकाला संकल्पी हिंसा सर्वथा वर्ज्य आहे. आरंभी व उद्योगी हिंसा यत्नाचाराने कमी करावयाची असते. माळढोकाला आज जी भोवते, ती बहुतांशी या दुसऱ्या प्रकारची आहे. ती शेती-व्यापारातून, म्हणजे आपल्याच व्यवसायांतून घडते, आणि तिला परवाना लागत नाही की बंदी काळ नसतो.