पटकी आणि आंतड्याचें अस्तर

जालना-परभणीकडील जुन्या गांवांच्या शिवेवर मरीआईचीं ठाणीं आढळतात. ज्या पटकीच्या भयानें तीं उभीं राहिलीं, तिचें नांवही आजच्या तरुण पिढीनें क्वचितच ऐकलें असेल. पंढरीच्या यात्रेंत सांथ उद्भवावी, परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर ती गांवोगांव पोंचावी आणि सकाळीं धडधाकट असलेला माणूस रात्रीं सुकून जावा, असें एकोणिसाव्या शतकांत वारंवार घडे. रोग्याच्या शरीरांतील पाणी इतक्या वेगानें जातें तरी कसें? या प्रश्नाचें उत्तर आंतड्याच्या रचनेंत होतें. तें हातीं येण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

अन्नमार्ग ही मुखापासून गुदापर्यंत गेलेली एक लांब नळी आहे. तिच्या भिंतीस चार थर असतात. बाहेर पातळ आवरण. त्याच्या आंत अन्न पुढें ढकलणारे स्नायू. मग रक्तवाहिन्यांचा सैल थर. आणि सर्वांत आंत नाजूक अस्तर. लहान आंतड्यांत हें अस्तर मखमलीसारखें दिसतें, कारण त्यावर असंख्य सूक्ष्म अंकुर उभे असतात व त्यांच्या बुडाशीं खोल खळगे असतात. अंकुरांवरील शोषक पेशी अन्नरस आंत घेतात. त्यांच्यामध्यें विखुरलेल्या चषकाकृति पेशी बुळबुळीत श्लेष्मा स्रवतात. खळग्यांच्या तळाशीं जंतुनाशक द्रव्यें सोडणाऱ्या पेशी असतात. १८८८ सालीं त्यांचें वर्णन करणाऱ्या योसेफ पानेट यांचें नांव त्यांस मिळालें आहे. त्यांच्याच शेजारच्या मूळ पेशींपासून नव्या पेशी निपजून वर सरकतात, व चार-पांच दिवसांत अस्तराचा बहुतेक भाग नवा होतो.

पटकींत हें अस्तरच सोलून निघतें, अशी युरोपांतील कांहीं रोगवेत्त्यांची समजूत होती. तसें असतें, तर रोग्यास पाणी पाजणें म्हणजे फुटक्या घागरींत ओतणें ठरलें असतें. १८८४ सालीं रॉबर्ट कोख यांनीं कलकत्त्यास या रोगाच्या जंतूचा शोध पुरा केला. त्याच शहरांत १९५९ सालीं शंभुनाथ दे यांनीं दाखविलें कीं, जंतु गाळून काढलेला द्रवही सशाच्या आंतड्यांत पाणी सांठवितो; अर्थात् हें काम विषाचें होय. १९६० सालीं बँकॉक येथील रोग्यांच्या आंतड्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले गेले, तेव्हां अस्तर शाबूत आढळलें! विष पेशींस मारीत नाहीं; मुख्यतः खळग्यांतील पेशींकडून तें क्षार व पाणी बाहेर ओतवून घेतें. त्याच वर्षीं रॉबर्ट क्रेन यांनीं मांडलें कीं, शोषक पेशी साखर आंत घेतांना मिठांतील सोडियमही बरोबर ओढून घेते. त्यांच्यामागून पाणी जातें. पटकींत ही वाट उघडीच राहते.

१९७१ सालीं बांगलादेशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकी पसरली. शिरेंतून द्यावयाचें क्षारजल संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ-साखरेचें पाणी तोंडानेंच पाजविलें. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा सुमारें ३० होतें, तें ४ च्या आंत आलें.

हीच आपली जलसंजीवनी. जालन्याच्या खेड्यापाड्यांत आज आशा कार्यकर्ती तिची पुडी देते. पुडी नसल्यास उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यांत चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ मिसळावें. रोगी फार गळून गेल्यास त्यास विनाविलंब इस्पितळांत न्यावें; मात्र तो शुद्धीवर असेल, तर वाटेंतही घोट घोट पाजणें थांबवूं नये.